सूचना वहीतली झाकलेली ओळ

लग्न होऊन मी सांगलीहून कृष्णाकाठच्या एका गावात आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली ग्रंथपालनाच्या परीक्षेचं प्रमाणपत्र होतं. ते पुढं कधी बाहेर निघेल असं माझ्या आईलाही वाटलं नव्हतं. पण गावच्या वाचनालयाला अनुदान टिकवायला परीक्षा झालेला ग्रंथपाल हवा होता आणि अख्ख्या गावात तसा पुरुष सापडेना. दोन बैठका झाल्यावर समितीनं ठरवलं, की बाई चालेल.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक लांबट खोली. चार कपाटं, दोन बाकं, एक टेबल आणि टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली सूचना वही. वहीला तशीच सुतळीनं बांधलेली शाईची पेन्सिल. ही पेन्सिल आता कुठं दिसत नाही. कोरडी चालवली तर करडी उमटायची, ओल लागली की जांभळी व्हायची. लोक लिहिण्याआधी तिचं टोक जिभेवर टेकवायचे. त्यामुळं नुकतंच मत कोणी मांडलंय, ते त्याच्या ओठांवरूनच कळायचं.

पुस्तकांबद्दल सूचना कराव्यात म्हणून वही ठेवलेली. पहिलं पान तसं सरळ गेलं. ‘शेतीवरील पुस्तके मागवावीत.’ ‘बाक डुगडुगतो.’ दुसऱ्या पानावर कोणीतरी लिहिलं, की हळद शिजवताना कढईवर पाला झाकायची काही गरज नसते, आणि तिथून वही जी सुटली ती सुटलीच. हळदीवर सतरा पानं झाली. ‘ज्यांनी जन्मात कढई लावली नाही त्यांनी शहाणपण शिकवू नये.’ ‘ज्यांची हळद गेल्या साली सांगलीच्या पेठेतून परत आली त्यांनी तर मुळीच शिकवू नये.’ मासिकातली विणकामाची पानं कोण फाडतं, असं मध्येच कोणीतरी विचारायचं. त्याला कोणी उत्तर द्यायचं नाही.

वहीत नाव लिहायचं नाही, असा रिवाज. शेवटी फक्त ‘एक वाचक’. आता तीनशे घरांच्या गावात कोणतं अक्षर कोणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सांगायचं नाही, हाच तर रिवाज होता. पारावर दोघं शेजारी बसून तंबाखू मळत असायचे आणि तासापूर्वी वहीत एकानं दुसऱ्याची अक्कल काढलेली असायची. दुसरा म्हणायचा, ‘‘कुनीतरी लय वंगाळ लिवलंय बग आज.’’ पहिला म्हणायचा, ‘‘व्हय की. कोन आसंल रं?’’ मग दोघंही गंभीरपणे मान हलवायचे. गावाची शांतता या रिवाजावर उभी होती. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. मग माझीच पाळी आली.

वहीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात तिखट लिहिणारा वाचक माझ्याच घरात राहायचा. ते माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्ती म्हणतात. मामा माझ्याशी बोलत नसत. त्यात राग नव्हता, रीत होती. सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काही बोलणं व्हायचं ते आत्तींच्या मार्फत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी मामा आत्तींना म्हणायचे, ‘‘आमटीत मीट कमी हाय म्हनावं तिला.’’ मीही आत्तींनाच म्हणायची, ‘‘आणते म्हणावं.’’ आत्ती मध्ये बसून भाकरी थापत राहायच्या. निरोप पोचवायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. वाचनालय उघडायची वेळ साडेपाचची, आणि थंडीत सूर्याला घाई असते. मामा पाच वाजता पानावर बसायचे, जेवून, हात धुऊन, टोपी घालून निघायचे. त्यांचं ताट उचलून, बाकीच्यांना वाढून, दोन घास गिळून मी मागून पळत जायची. तोवर मामा वाचनालयाच्या पायरीवर बसून कुलपाकडे बघत असायचे. मी दार उघडलं की आत येऊन आधी पेन्सिल जिभेला लावायचे. ‘ग्रंथपाल वीस मिनिटे उशिरा येतात. वाचकांचा खोळंबा होतो. — एक वाचक.’

पहिल्या आठवड्यात मी हे गिळलं. दुसऱ्या आठवड्यात खाली लिहिलं, ‘वाचकांनी जेवताना तिसरी भाकरी मागू नये. ग्रंथपाल वेळेवर येतील. — ग्रंथपाल.’

मामांनी ते वाचलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनच भाकऱ्या खाल्ल्या. आत्तींना वाटलं, त्यांना बरं नाही.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. घरात ज्या माणसासमोर माझा पदर ढळत नव्हता, त्यालाच मी वहीत ‘आपले म्हणणे अर्धवट माहितीवर आधारलेले आहे’ असं बेधडक लिहायची. कादंबऱ्या वाचून बायकांचं चित्त विचलित होतं, असं मामांनी लिहिलं. गेल्या महिन्यात कादंबऱ्या कोणत्या पुरुष वाचकांनी किती नेल्या, हे मी नावं गाळून लिहिलं. आठ दिवस गावात कोणी कादंबरी नेली नाही. माझे यजमान साखर कारखान्यात होते. ते वाचनालयातून एकही पुस्तक नेत नसत, पण वही चुकवत नसत. घरी येऊन मला हळूच म्हणायचे, ‘‘एक वाचक आज लय पेटलाय म्हणं.’’ खरं सांगते, मला त्या भांडणाची चटक लागली होती. माहेरी वडील माझ्याशी असंच भांडायचे. सासरी आल्यापासून माझ्याशी भांडण्याइतकं मला कोणी मोजलं नव्हतं.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात माझी धाकटी नणंद मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसली. तिला सांगलीला कॉलेजात जायचं होतं. हे तिनं मला सांगितलं होतं, बाकी कोणाला सांगायची सोय नव्हती. मामांनी कराडकडचं एक स्थळ मनात धरलेलं होतं. कापडाचं दुकान, सोयरीक चांगली, मुलगा एकुलता. घरात विषय काढणं म्हणजे मामांच्या निर्णयावर बोलणं, आणि तसं बोलायची रीत मुलीलाही नव्हती, सुनेलाही नव्हती.

एके दिवशी वहीत नवीन ओळ दिसली. ‘मॅट्रिक झालेल्या मुलीला पुढे शिकावेसे वाटत असेल तर तिने कोणाला सांगावे? — एक वाचक.’

त्या अक्षराला पाटीवर हात धरून वळण लावलं होतं ते मामांनीच. त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि खाली लिहिलं, ‘असे प्रश्न वहीत विचारायचे नसतात.’ मी त्याखाली लिहिलं, ‘दुसरीकडे विचारता आले असते तर वहीत विचारले नसते.’

मग काय, हळद मागं पडली. गाव दोन्ही बाजूंनी तुटून पडलं. कोणी म्हणालं, मुली शिकल्या तर रानात कोण जाईल. कोणी म्हणालं, जे शिकले त्यातले तरी रानात कितीजण जातात. मामा रोज लिहायचे. आधी त्यांनी विचारलं, ‘मुलीने शिकून करायचे काय?’ दहा-बारा दिवसांनी विचारलं, ‘शिकली तरी सासरचे नोकरी करू देतील काय?’ आणि मे महिन्यात एक दिवस वहीत आलं, ‘सांगलीची पहिली एसटी किती वाजता असते? मुलींनी उभे राहून जायचे काय?’ ‘का’पासून ‘कसे’पर्यंत यायला मामांना पाच आठवडे लागले होते. घरात हा विषय पाच मिनिटंही टिकला नसता. नणंद रोज संध्याकाळी मला एकच विचारायची, ‘‘वहिनी, आज काय लिवलंय?’’

इथंच आमच्या समितीच्या अध्यक्षांना शिस्त आठवली. अध्यक्ष म्हणजे फौजेतून परतलेले सुभेदार. देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रं तपासून छापली जात होती. अध्यक्षांना वाईट याचं वाटलं, की आपल्याला अजून कोणी तपासलं नाही.

‘‘आवं बाई,’’ ते म्हणाले, ‘‘दिल्लीपतोर पेपरावर सेन्सॉर बसलाय आन आपली वही अशी मोकाट? उंद्या कुनी सायेब आला तर? डिशिप्लिन म्हनून काय हाय का न्हाई?’’

हुकूम असा, की आक्षेपार्ह ओळीवर कागदाची पट्टी चिकटवायची. पान फाडायचं नाही, कारण पानांवर आकडे आणि शिक्के होते. आक्षेपार्ह कशाला म्हणायचं, असं मी विचारलं. ‘‘त्ये तुमी ठरवायचं. तुमी शिकलेल्या.’’

मी त्यांना चांगली दहा मिनिटं ऐकवलं. प्रत्येकाला मत असतं, ते मांडायचा हक्क असतो, झाकलेलं मत मनात कुजतं, वगैरे. अध्यक्षांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बराबर हाय. खळ घरनं आना.’’

मी मनाशी ठरवलं, की एकही ओळ झाकायची नाही. गव्हाच्या पिठाची खळ करून वाटीत नेली आणि आठवडाभर तशीच परत आणली. स्वतःच्या या थोरपणाचं मला फार कौतुक वाटत होतं.

आठव्या दिवशी मामांचं आणि माझं एसटीवरून जरा जास्तच वाजलं. मी लिहिलं होतं, की मुलींनी उभं राहून जाण्याची काळजी करणाऱ्यांनी घरातल्या बायका दिवसभर किती उभ्या असतात तेही मोजावं. त्यावर मामांची ओळ आली. ‘शिकलेली सून घरात आली की भाकरी गार आणि जीभ गरम. — एक वाचक.’

त्या दिवशी सकाळीच माझ्या उजव्या हाताला तव्याचा चटका बसून फोड आला होता. तोही त्यांच्याच भाकरीपायी. मला राग आला, भयंकर आला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची पट्टी कापली, तिला बोटानं खळ फासली आणि ती ओळ झाकून टाकली. वर तळहातानं दाबली. आपण अध्यक्षांचा हुकूम पाळतोय अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मी सासऱ्यांच्या तोंडावर हात ठेवत होते, आणि तशी संधी मिळाली याचा मला आनंद झाला होता.

रागाच्या भरात मी पेन्सिल विसरले. ओल्या खळीनं पट्टीखालची अक्षरं विरघळली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पट्टीवर मोठा जांभळा डाग उमटला. त्या पानावर आता दुसरं काही कोणी वाचेना. माणसं वही खिडकीशी नेऊन पान उजेडात धरायची, सुतळी पुरेना तेव्हा टेबलच खिडकीकडे ओढायची. पुस्तकांसाठी जी रांग मला सहा वर्षांत कधी दिसली नाही, ती त्या पट्टीसाठी लागली. वाचता कोणालाच आलं नाही.

‘‘लय वंगाळ आसनार,’’ एकजण म्हणाला. ‘‘त्याबिगर बाई झाकत न्हाई.’’

मग काय होतं ते ज्यानं त्यानं आपल्या कुवतीप्रमाणं भरलं. तीन दिवसांत ती ओळ माझ्या चालीबद्दल झाली होती. पाचव्या दिवशी तीत माझ्या माहेरचे लोक आले, तालुक्याहून तपासणीला येणारा एक कारकूनही आला. मी नदीवर धुणं घेऊन गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. आणि मामा पारावरून गेले की माणसं त्यांच्याकडे बघून मान हलवायची. या वयात सुनेबद्दल असं लिहावं?

मामांना ते कळत होतं. पण ‘मी तसं लिहिलं नाही’ असं म्हणायचं, तर ‘मी लिहिलं’ असं आधी म्हणावं लागलं असतं. रिवाजानं त्यांचं तोंड बांधलं होतं आणि त्यांची ओळ मी मिटवली होती. त्यांनी वाचनालयात येणं सोडलं. जेवण झालं की टोपी घालून घराच्या पुढच्या सोप्यात बसायचे, कुठंच जायचे नाहीत. एका संध्याकाळी त्यांनी आत्तींना सांगितलं, ‘‘कराडच्या लोकास्नी बोलवून घ्यावं म्हनतो.’’

त्या रात्री नणंद जेवली नाही असं मी म्हणणार होते, पण आमच्यात रात्री कोणीच जेवत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी जेवली नाही, हे खरं. मामांना ती अण्णा म्हणायची. भांडी घासताना ती मला म्हणाली, ‘‘वहिनी, अण्णांचं लिवनं बंद केलंसा. आता मी इचारायचं कुनाला?’’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मामांचं मत बदलावं म्हणून मी सहा आठवडे झटत होते आणि एका कागदाच्या पट्टीनं मामाच जिंकले होते. ज्या माणसानं बोलणंच थांबवलं, त्याला पटवणार कसं?

त्याच दुपारी मी वाचनालय उघडलं. ओल्या फडक्यानं पट्टी भिजवून सोडवली. खाली नुसतं जांभळं तळं होतं, एक अक्षर शिल्लक नव्हतं. पण मला ती ओळ पाठ होती. निंदा पाठ करावी लागत नाही. मी पेन्सिल घेतली आणि त्या डागाखाली लिहिलं:

‘या जागी एका वाचकाने लिहिले होते, की शिकलेली सून घरात आली की भाकरी गार आणि जीभ गरम. एवढेच लिहिले होते. याहून एक शब्द जास्त नव्हता. ते झाकले ही ग्रंथपालाची चूक. ज्यांनी त्यात भर घातली ती त्यांची. — ग्रंथपाल.’

स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अक्षरात स्वतःला नावं ठेवायची, हे सोपं नव्हतं. पण मध्येच मला हसू आलं. ओळ वाईट नव्हती. भाकरी खरंच गार असायची.

रविवारी अध्यक्ष वही तपासायला आले. ‘‘बाई, ही पट्टी कुनी काडली?’’

‘‘मी काढली. आक्षेप माझा होता. मी तो मागं घेतला.’’

‘‘आन ऑर्डर?’’

‘‘आक्षेपार्ह काय ते मी ठरवायचं, अशीच ऑर्डर होती.’’

अध्यक्षांनी ती ओळ पुन्हा वाचली. मिशीखाली ओठ हलले. मग म्हणाले, ‘‘भाकरीचं त्ये बराबर हाय,’’ आणि सही करून गेले.

आता हे मामांना सांगायचं कोणी? ते येत नव्हते, आणि तुमची ओळ परत आली असं कोणाला म्हणता येत नव्हतं. शेवटी त्यांच्या वयाचे एक गृहस्थ आमच्या सोप्यात येऊन बसले, हवापाण्याचं बोलले आणि उठता उठता म्हणाले, ‘‘वहीत कायतरी आलंय म्हनं. कुनाबद्दल हाय कुनास ठावं. बगून तरी या.’’

मामा आले. कोणाकडे न बघता टेबलाशी उभं राहून त्यांनी वाचलं. मी कपाटाशी पाठमोरी उभी होते, नुसतीच पुस्तकं खालीवर करत. पेन्सिल जिभेला लागल्याचा आवाज आला. ते बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसल्यावर मी जाऊन बघितलं. ‘मजकूर बरोबर आहे. भाकरीबद्दलचे मत कायम. जिभेबद्दलचे विचाराधीन. — एक वाचक.’

मी मोठ्यानं हसले. वाचनालयात शांतता राखावी, ही पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली होती. मामांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं.

पण कॉलेजबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. निकाल लागला, नणंद चांगल्या गुणांनी पास झाली. मामांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि टोपी घालून बाहेर पडले. कराडचे लोक गुरुवारी यायचे होते. मला वहीत लिहायचा मोह होत होता, पण मी हात आवरला. मी पुष्कळ बोलले होते.

बुधवारी संध्याकाळी मामा पानावर बसले. आत्ती चुलीपाशी होत्या, मी वाढत होते. मामांनी भाकरी मोडली आणि ताटाकडे बघतच म्हणाले, ‘‘कालेजात आटवड्यातनं किती दिस जावं लागतंय?’’

मी रीतीप्रमाणं आत्तींकडे बघितलं. आत्ती भाकरी थापत राहिल्या.

‘‘तिला न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘तुला इचारतोय.’’

ज्या माणसाला मी पानंच्या पानं उत्तरं दिली होती, त्याच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आत्ती मागं न बघता म्हणाल्या, ‘‘बोल की गं. वहीत तर लय बोलतीस.’’

आत्तींना लिहिता-वाचता येत नव्हतं. वाचनालयाची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या.

‘‘सहा दिवस, मामा,’’ मी म्हणाले.

मामांनी पुढचा घास आमटीत बुडवला. मग म्हणाले, ‘‘आसं आसंल तर कराडच्या लोकास्नी येऊ नगासा म्हनून कळवाय पायजे.’’

दाराआड उभी असलेली नणंद मोठ्यानं रडायला लागली. मामांनी तिकडं बघितलं नाही, पण त्यांना ठसका लागला, आणि पाण्याचा तांब्या मी त्यांच्या हातात दिला.